नवं खेळणं आठवड्यात मोडतं: बिघाड कुठे शोधायचा आणि पुढचं घेताना काय पाहायचं

तक्रार सगळ्या घरांतली एकच. वाढदिवसाला आलेली गाडी चौथ्या दिवशी तीन चाकांवर येते, बोलणारी बाहुली महिन्याभरात मुकी होते, ठोकळे एकमेकांत बसेनासे होतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "हल्लीच्या वस्तूंत दमच नाही." मग पुढच्या खेपेला जास्त पैसे मोजून दुसरं आणलं जातं, आणि तेही त्याच वाटेने जातं.

मी एका बालवाडीची खेळणी सांभाळते. एकाच गाडीवर रोज वीसेक मुलांचे हात पडत असल्याने घरात वर्षभरात जे होईल ते आमच्याकडे महिन्यात होतं. खेळणं लाकडाचं की प्लॅस्टिकचं, दोनशेचं की दोन हजारांचं, हे सगळे आधी विचारतात. मी आधी त्याचा सांधा पाहते. चाक आणि दांडी, हात आणि खांदा, सेल आणि पत्री, शिवण, डिंकाचा जोड: मोडणारं बहुतेक सगळं इथेच मोडतं. म्हणून दुरुस्ती सांध्यापासून सुरू करायची आणि खरेदीही.

चाक जड फिरतं, किंवा निघूनच आलं

स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी गाडी उलटी करा आणि दांडीभोवती नीट पाहा. लांब केस, सतरंजीचे धागे, रिबिनीचं सूत असा गुंता तिथे हमखास सापडतो. मागे ओढून सोडायच्या गाड्या "यंत्र बिघडलं" म्हणून टाकल्या जातात, त्यातल्या कितीतरी या गुंत्यानेच अडलेल्या असतात. ब्लेडच्या टोकाने धागे कापायचे आणि चिमट्याने ओढून काढायचे, एवढंच काम. अशी गाडी फार मागे ओढली की कट-कट वाजते, तो बिघाड नव्हे. स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळली जाऊ नये म्हणून आतली पकड सुटते, तिचा तो आवाज. मूल गाडीवर गुडघा टेकवून ती रेटत असेल तर मात्र आतल्या प्लॅस्टिकच्या दात्यांचं काही खरं नाही.

चाक हातात आलं असेल तर दांडी कशाची आहे ते पाहा. लोखंडी दांडीच्या टोकाला बारीक खाचा असतात, त्यावर चाक दाबून परत बसतं. भोक सैल झालं असेल तर टोकाला इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून करायच्या डिंकाचा) थेंब लावा, पण तो आतल्या बाजूला ओघळू देऊ नका, नाहीतर चाक गाडीच्या अंगालाच चिकटेल. स्वस्त गाड्यांत दांडीच नसते. प्लॅस्टिकच्या खुंटीवर चाक खटका देऊन बसवलेलं असतं, आणि तो खटका एकदा तुटला की कुठलाही डिंक तिथे टिकत नाही. अशा वेळी खुंट्या कापून टाका, दोन्ही बाजूंना आरपार भोक पाडा आणि सायकलचा जुना स्पोक दांडी म्हणून घाला. सायकलवाला तो बहुधा फुकट देतो. टोकं कानशीने गोल करायला विसरू नका.

लाकडी पांगुळगाडा किंवा ढकलगाडीचं चाक निघालं असेल तर ते पुन्हा चिकटवण्याआधी जुना वाळलेला फेव्हिकॉल पूर्ण खरवडून काढा. वाळलेल्या थरावर नवा थर धरत नाही. मग जोड सुतळीने आवळून रात्रभर तसाच ठेवायचा. "आजी, झालं का?" असं विचारत मूल तासाभराने येतं, तेव्हा देऊ नये.

सेलवर चालणारं खेळणं गप्प झालं

हा सर्वांत जास्त वेळा येणारा बिघाड आणि सर्वांत सोपा. मोटर जळाली असं लोक धरून चालतात, मोटर क्वचितच जळते.

सेल काढा आणि स्प्रिंग पाहा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेला आहे. इथे सेल कोणता होता हे महत्त्वाचं. साध्या, स्वस्त झिंक-कार्बन सेलमधून गळतं ते आम्लधर्मी असतं, म्हणून खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून त्याचा बोळा फिरवायचा. अल्कलाइन सेलची गळती उलट, अल्कधर्मी असते. तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. नंतर कोरड्या कापडाने पुसून पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि पत्री घासा, धातू चमकला पाहिजे. हातमोजे घाला आणि हे मुलांसमोर करू नका, कारण त्यांना लगेच मदत करायची असते.

पत्री स्वच्छ असूनही आवाज नाही? स्प्रिंग चपटी झाली असेल तर चिमट्याने थोडी वर ओढा. तरीही नाही, तर मागचे स्क्रू काढा. दहातल्या आठ खेळण्यांत, असा माझा अंदाज आहे, डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागी तार सुटलेली असते. खेळणं आपटतं तेव्हा आतले भाग हलतात आणि बारीक तार सर्वांत आधी तिथेच तुटते. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर नेलं तर चहा पिऊन होईपर्यंत डाग देऊन मिळतो. टपरीवाल्याला सांगून तारेवर गरम गोंदाचा ठिपका टाकून घ्या, म्हणजे पुढच्या आपटण्याचा ताण डागावर येणार नाही.

नवा आणि जुना सेल एकत्र घालण्याची सवय मोडा. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून वीज ढकलत राहतो आणि जुना गळायला लागतो. म्हणजे एक सेल वाचवायला जाऊन पत्री सडते. चार्ज करायचे सेल घातल्यावर खेळणं मंद चालत असेल तर तोही बिघाड नाही: साधा सेल दीड व्होल्टचा, हा १.२ व्होल्टचा. चार सेलच्या खेळण्याला सहाऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात. काही खेळण्यांना तेवढे पुरतात, काहींना नाही.

मूल आत बसून चालवतं त्या मोठ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. त्यांत शिशाची बंद बॅटरी असते आणि ती न वापरता, चार्ज न करता पडून राहिली की मरते. गाडी पावसाळ्यात माळ्यावर गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत खाली आली, की पालक गाडीला दोष देतात. बॅटरीवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहून घेऊन इमर्जन्सी दिवे किंवा यूपीएसच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात जा. ६ किंवा १२ व्होल्टची तशीच बॅटरी बऱ्याचदा तिथेच मिळते. आकार मात्र मोजून न्या. नवी घातल्यावर गाडी वापरात असो-नसो, महिन्यातून एकदा चार्ज करायची.

एक बिघाड मात्र घरी दुरुस्त करायचा नाही: बटणासारख्या चपट्या सेलच्या कप्प्याचं झाकण सैल झालं किंवा त्याचा स्क्रू हरवला, तर त्याच क्षणी खेळणं मुलाच्या हातातून काढा. नीट बसणारा स्क्रू मिळेपर्यंत ते परत द्यायचं नाही, चिकटपट्टी लावून तर नाहीच. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, सरळ रुग्णालयात न्या. लोहचुंबकाचे छोटे तुकडे सुटे झाले असतील तेव्हाही हेच. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात.

प्लॅस्टिक तडकलं आणि फेव्हिक्विक धरत नाही

डिंकाला शिव्या देण्याआधी तुटलेला तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचा. या दोन्हींवर घरातला कुठलाही डिंक धरत नाही, ते त्यांच्या स्वभावातच नाही. इथे सांधा धातूनेच करावा लागतो: दोन्ही बाजूंना गरम सुईने भोकं पाडून तारेचे टाके घालायचे, किंवा लहान नट-बोल्ट लावायचा. तारेची टोकं आतल्या बाजूला वळवून दाबून टाका.

तुकडा बुडाला तर तो एबीएस, पॉलिस्टायरीन किंवा पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त. एबीएस आणि पॉलिस्टायरीन अॅसिटोनमध्ये विरघळतात, त्यामुळे दोन्ही कडांना अॅसिटोन लावून दाबून धरलं की प्लॅस्टिक प्लॅस्टिकमध्येच मिसळून जोड तयार होतो. काही नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असतं, बाटलीवर वाचून घ्या. खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब बसा. फेव्हिक्विकही यांवर चिकटतो, पण तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि पुढच्या आपटण्याला त्याच रेषेत सुटतो. ताण येणाऱ्या जागी दोन भाग मिसळायचा इपॉक्सी बरा.

पाण्याशिवायही अंदाज येतो. टेबलावर टाकल्यावर पातळ, खणखणीत आवाज करतं ते बहुतेक पॉलिस्टायरीन. ते कडक आणि ठिसूळ, कोपऱ्यापासून तडकतं. एबीएसचा आवाज बद्द येतो. चांगल्या ठोकळ्यांचं रहस्यही इथेच आहे. लेगोचे ठोकळे सुरुवातीला सेल्युलोज अॅसिटेटचे असत आणि कालांतराने वाकडे होत. १९६३ पासून कंपनीने एबीएस वापरायला सुरुवात केली. तेव्हापासूनचे जुने ठोकळे (रचना १९५८ सालचीच) आजच्या ठोकळ्यांत बसतात, ते या प्लॅस्टिकमुळे आणि साच्याच्या काटेकोरपणामुळे. तुमचे ठोकळे बसेनासे झाले असतील तर ते उकळत्या पाण्यात धुतले गेले का, एवढं आधी विचारा. कोमट पाणी पुरे.

गच्चीवरची घसरगुंडी किंवा घोडा पांढुरका होऊन चुरा पडायला लागला असेल तर त्यावर इलाज नाही. उन्हाने प्लॅस्टिक कुजलं आहे. चिकटवून मुलाला त्यावर बसवू नका.

लाकडी खेळण्याचा रंग चिकट झाला, किंवा लाकूड फाटलं

इथे सावंतवाडी आणि चन्नपट्टण यांतला फरक माहीत असलेला बरा. सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी लाकडावर रंग काढून केलेली असतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी कातावर, म्हणजे लेथवर, फिरवून केलेली. लाकूड तिथे हाले नावाच्या झाडाचं, आपल्याकडे त्याला काळा कुडा म्हणतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. म्हणजे रंग लाखेत आहे, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोविडच्या काळात लोकांनी अशी खेळणी सॅनिटायझरने पुसली आणि रंग हाताला लागतो म्हणून तक्रारी केल्या. खेळणं भेसळीचं नव्हतं, पुसणं चुकलं होतं. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवलं तरी लाख मऊ पडते.

पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके आले तर कोरड्या ब्रशने झटकून वाऱ्यावर, सावलीत ठेवा. कडक उन्हात ठेवलं की लाकूड फाटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सर्वांत वाईट, आत ओल कोंडते. खेळण्याच्या कडा फुगून पुठ्ठ्यासारख्या उलगडायला लागल्या असतील तर ते लाकूड नव्हे, लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी आहे. हल्ली "लाकडी" म्हणून विकलं जाणारं बरंच काही तेच असतं. ती फळी कोरडी राहिली तर चालते, मात्र तिच्यात मारलेला खिळा किंवा स्क्रू एकदा सैल झाला की परत आवळत नाही.

घरी रंगवणार असाल तर डब्यावर शिशाच्या प्रमाणाची नोंद पाहा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दुकानदाराच्या मागच्या फळीवरचा जुना डबा स्वस्तात मिळतो म्हणून आणू नका.

कापडी बाहुल्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिवण दोन्ही बाजूंनी ताणून पाहा. टाक्यांमधून आतला कापूस दिसला तर दुहेरी टीप मारून घ्या. चिकटवलेले प्लॅस्टिकचे डोळे काढून दोऱ्याने विणलेले करा, तीन वर्षांखालच्या मुलासाठी तर नक्कीच.

पुढचं खेळणं घेताना

दुकानात खेळण्याचं तोंड नका पाहू, पोट पाहा. उलटं केल्यावर स्क्रू दिसले तर ते उघडेल, म्हणजे दुरुस्त होईल. सगळं चिकटवून किंवा वितळवून बंद केलेलं असेल तर पहिला बिघाड हाच शेवटचा. हात-पाय-चाक हलकेच पिळा. सांध्यापाशी प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली तर ठेवून द्या. हलवून पाहा, आत काही खुळखुळत असेल तर ते आधीच सुटलेलं आहे. (खुळखुळा घेत असाल तर गोष्ट वेगळी.) क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा तुळशीबागेत इतकी उलटापालट केली की दुकानदार वैतागतो. वैतागू द्या.

ऑनलाइन घेताना पाच तारे देणाऱ्यांना सोडून एक तारा देणाऱ्यांचे फोटो पाहा. तक्रारी वेगवेगळ्या असतील तर तो मुलांच्या हाताळणीतला फरक आहे. तीन-चार जणांचं एकाच जागी मोडलं असेल तर सांधा कच्चा आहे.

मला विचाराल तर सांधे कमी असलेलं किंवा सांधा हाच खेळ असलेलं खेळणं सर्वांत टिकतं. पहिल्या प्रकारात भोवरा, लाकडी ठोकळे, पितळी भातुकली. भातुकली घेताना दांड्या आणि कान रिव्हेटने ठोकलेले आहेत की नुसते डाग देऊन चिकटवलेले ते पाहा, आणि काठावरून बोट फिरवून धार लागते का तेही. दुसऱ्या प्रकारात नट-बोल्टचे संच. ही कल्पना फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केली, पुढे ती मेकॅनो नावाने जगभर गेली, आणि आपल्याकडच्या दोन पिढ्या मेकॅनिक्स नावाच्या तशाच देशी संचाच्या भोकाभोकांच्या पट्ट्यांवर वाढल्या. पट्टी वाकली तर सरळ करता येते, नट हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात तसाच दुसरा मिळतो का ते पाहता येतं. यात मोडण्यासारखं आहेच काय?

आता आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. नाव जुळलं नाही तर तिथेच तक्रार करता येते. मात्र या चिन्हाचा अर्थ खेळणं टिकेल असा लावू नका. चाचणीत खेळणं पाडतात, ओढतात, पिळतात, पण पाहतात ते असं: मोडल्यावर धारदार कड उघडी पडते का, घशात अडकेल असा तुकडा निघतो का. चाक फिरेनासं झालं तरी खेळणं पास होऊ शकतं. सुरक्षित असणं ही पहिली अट, टिकाऊपणा तुम्हालाच तपासावा लागेल.

उलट बाजूही आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कारागिराकडून घेतलेल्या लाकडी गाडीवर चिन्ह नसलं म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. तिथे रंग कोणता, हे तोंडाने विचारा आणि चाक खुंटी घालून बसवलंय की नुसतं खिळ्याने ठोकलंय ते डोळ्यांनी पाहा. बिल घ्या. बंद खोक्यातलं खेळणं पहिल्याच दिवशी चालेना आणि दुकानदार हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण बिलाशिवाय तिथेही तुमची बाजू लंगडी पडते.

इतकं करूनही जे वाचत नाही ते फेकण्याआधी उघडा. मोटर, चाकं, स्क्रू, स्प्रिंग एका डब्यात टाकून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला निम्मं सामान त्यातूनच निघतं. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं तर त्या डब्यावर नव्या खेळण्यापेक्षा जास्त वेळ घालवतात. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून घनापासून पिरॅमिडपर्यंतचे आकार करून दाखवले आहेत. तसले तुकडे याच डब्यात ठेवले तर सांधे जोडायला उपयोगी पडतात. फक्त जुने सेल, बॅटऱ्या आणि चुंबक त्यात टाकू नका. सेल आणि बॅटऱ्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, चुंबक मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर.